पाणी चढलं की शेजार कसा उभा राहतो: पुण्यात नदी-ओढ्याकाठी नव्याने राहायला आलेल्यांसाठी

घाटमाथ्यावर चार दिवस पाऊस लागून राहिला की सिंहगड रस्त्यावरच्या सखल सोसायट्या, पुलाची वाडी, पाटील इस्टेट, दांडेकर पुलाचा परिसर, कात्रजकडून येणाऱ्या आंबील ओढ्याच्या काठची घरं, सगळीकडे माणसं रात्री जागी राहतात. एरवी जिन्यात नुसती मान हलवून पुढे जाणारे लोक अशा वेळी एकमेकांची आजारी माणसं, सिलेंडर आणि कपाटातली कागदपत्रं वर नेतात. अग्निशमन दल येतं, गरज पडली तर तळेगावजवळच्या सुदुंबऱ्याहून एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) तुकड्याही येतात. पण शहरात एकाच वेळी वीस ठिकाणी पाणी शिरलेलं असतं, तेव्हा पहिला तास-दीड तास हाताशी असतात ते शेजारीच. मदतीची इच्छा जवळपास प्रत्येकाला असते. गाडं अडतं ते कुणाच्या दारात आधी जायचं, मेन स्विच कुठे आहे, दोरी कुणाकडे आहे, हे माहीत नसल्यामुळे. लातूर, सोलापूर, नांदेडकडून किंवा आणखी कुठून नव्याने आलेल्यांना या नदीचा स्वभावही ठाऊक नसतो, म्हणून सुरुवात तिथून करू.

१. पाणी कुठून आणि किती वेळात येतं

मुठा नदी आणि तिच्या उपनद्यांवर वर चार धरणांची साखळी आहे: टेमघर, वरसगाव, पानशेत आणि सगळ्यात खाली खडकवासला. चारही मिळून साठा सुमारे २९ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम २ टीएमसी. शहराच्या वेशीवरचं धरणच सगळ्यात लहान असल्यामुळे वरची धरणं भरत आली आणि मधल्या डोंगरात पाऊस झाला की खडकवासल्याला पाणी धरून ठेवता येत नाही, ते सोडावंच लागतं. जूनमधला मोठा पाऊस बऱ्याचदा धरणात जिरतो. जुलैअखेर ते सप्टेंबर या काळात तेवढाच पाऊस थेट नदीत उतरतो. म्हणून पेठेत ऊन पडलंय यावर विसंबू नका. हवामान खात्याचा इशारा बघताना ‘पुणे शहर’ आणि ‘पुणे घाटमाथा’ या दोन्ही ओळी वाचा. आपल्या नदीचं भवितव्य दुसऱ्या ओळीत असतं.

विसर्गाचा, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याचा, आकडा क्युसेकमध्ये येतो. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं, त्या दिवशी विसर्ग ३५ हजार क्युसेकपर्यंत गेला होता. म्हणजे दर सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. त्यात धरणाच्या खाली पडलेला पाऊस वेगळा, तो कुठल्याच दरवाजाने अडत नाही. आपल्या इमारतीशी किती क्युसेकला पाणी कुठवर येतं हे जुन्या रहिवाशांना तोंडपाठ असतं. त्यांना विचारा आणि तो आकडा लिहून ठेवा. डेक्कनजवळचा नदीपात्रातला बुटका भिडे पूल पाण्याखाली गेला ही बातमी म्हणजे नदीकाठच्या सगळ्यांसाठी ‘आता आवरायला घ्या’ अशी खूण आहे.

ओढ्याचं गणित निराळं. नदी थोडी तरी सवड देते, ओढा मिनिटांत चढतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने कात्रजपासून अरण्येश्वर-टांगेवाला कॉलनीपर्यंत हाहाकार केला, तो शहरातल्याच काही तासांच्या पावसाने. ओढ्याकाठी राहत असाल तर धरणाच्या निरोपाची वाट बघत बसू नका. रात्री ढगांचा जोर दिसला तर तळमजल्यावरच्यांनी वरच झोपायला जायचं.

महापालिकेच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या पुराची. भाड्याचं घर निळ्या रेषेच्या आत आहे का, हे एजंट सांगत नाही. कंपाउंडच्या भिंतीवरचा गाळाचा पट्टा आणि तळमजल्याच्या दरवाजांच्या खालच्या कडेची फुगलेली प्लाय मात्र खोटं बोलत नाही.

२. भाडेकरूंनी आधी ग्रुपवर यायचं

हे सगळ्यात जास्त वेळा चुकतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घरमालक असतो, आणि मालक राहतो बाणेरला किंवा थेट अमेरिकेत. ‘गाड्या काढा, पाणी वाढतंय’ हा निरोप पहाटे त्याच्या फोनवर पडतो, तेव्हा त्याच्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये चार विद्यार्थी गाढ झोपलेले असतात. राहायला आल्याच्या पहिल्या आठवड्यात सेक्रेटरींना भेटा आणि ग्रुपवर घ्यायला सांगा. मालकांचाच ग्रुप आहे असं उत्तर आलं तर ‘पावसाळा’ नावाचा वेगळा ग्रुप करायला सांगा. त्यात प्रत्येक घरात प्रत्यक्ष राहणारी निदान दोन माणसं हवीत. वॉचमनही हवा, त्याला मराठी वाचता येत नसेल तर व्हॉइस मेसेज टाकायचा.

मग एक जिना चढून वर जा. तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर राहत असाल तर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचं एक घर आपलं जोडीचं घर म्हणून ठरवायचं. यात संकोच वाटतो हे खरं, पण बोलणं साधं असतं: ‘काकू, आम्ही खाली १०२ मध्ये नवीन आलोय. पाणी आलंच तर सामान आणि आईला तुमच्याकडे आणलं तर चालेल का?’ पुण्यात या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारं घर क्वचित सापडेल. त्याच भेटीत काकूंच्या घरी कोण आजारी असतं, काका एकटे कधी असतात, हेही कळतं. वर राहणाऱ्यांनी तर आपण होऊन खाली जाऊन सांगावं. बोलावणं वरून आलं की खालच्यांचा अर्धा संकोच तिथेच संपतो.

३. एक पानाची यादी

मे महिन्यात, नालेसफाईचा पाठपुरावा करायच्या सुमारास, विंगप्रमाणे एक यादी करा. घर क्रमांक, माणसं किती, आणि पुढे फक्त मदतीला लागणारी माहिती: व्हीलचेअर, अंथरुणाला खिळलेलं माणूस, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, आठवड्यातले डायलिसिसचे वार, इन्सुलिन, बाळंतीण, तान्हं मूल, कुत्रा-मांजर, दिवसभर एकटं असणारं ज्येष्ठ माणूस. त्याच ओळीत पुढे जोडीचं घर आणि किल्ली कुणाकडे ते. पान लॅमिनेट करून प्रत्येक मजल्याच्या जबाबदार माणसाकडे एक प्रत द्यायची. ही खाजगी माहिती आहे, त्यामुळे ती नोटीस बोर्डवर लावायची नाही आणि ग्रुपवरही टाकायची नाही.

यादीत तीन नावं हमखास राहून जातात. वॉचमनचं कुटुंब, त्यांची खोली इमारतीतली सगळ्यात खालची जागा असते. पार्किंगमध्ये झोपणारे ड्रायव्हर. आणि शेजारच्या बांधकामावरच्या पत्र्याच्या शेडमधले मजूर, त्यांना मराठी निरोप कळत नाही आणि नदीची माहितीही नसते. त्यांच्या मुकादमाचा नंबर घेऊन ठेवा.

४. सामान

एका चाळीस-पन्नास घरांच्या सोसायटीला पुरेल असं सामान: १२ मिलिमीटर जाडीचे ३० मीटर लांब नायलॉनचे दोन दोर, सहा फुटी चार बांबू, निदान चार लाइफ जॅकेट, चार्जिंगच्या मोठ्या बॅटऱ्या, शिट्ट्या, गमबूट, दोन-तीन ताडपत्र्या, रिकामी पोती आणि थोडी वाळू, फावडी, घमेली, खराटे, रबरी वायपर, ब्लीचिंग पावडर बंद डब्यात. हे सगळं दुसऱ्या मजल्याच्या वर ठेवायचं. दरवर्षी कुठे ना कुठे ते बेसमेंटमधल्या स्टोअररूममध्ये ठेवलेलं असतं आणि सगळ्यात आधी तेच पाण्याखाली जातं.

जवळच्या गणेश मंडळाशी ओळख ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये मंडपाचे बांबू, दोर, ताडपत्र्या, जनरेटर त्यांच्याकडे येऊ लागलेले असतात, टेम्पोवाला ओळखीचा असतो, आणि रात्री दोन वाजता वीस पोरं गोळा करण्याची ताकद त्यांच्याइतकी कुणाकडे नसते. मंडळाच्या अध्यक्षांना एकदा चहाला बोलावून आपली यादी समजावून सांगितली तर त्या वीस पोरांना आल्याबरोबर काम देता येतं.

५. इशारा आला: क्रम बिघडू देऊ नका

पहिला निरोप आला की ग्रुपवर एकच माणूस बोलेल, बाकीच्यांनी फक्त आपापल्या घराची स्थिती कळवायची. जुने व्हिडिओ आणि ‘धरण फुटलं’ असल्या अफवा ताबडतोब काढून टाकायच्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्याची आठवण या शहरात अजून जिवंत आहे, त्यामुळे अशा एका ओळीने माणसं जिन्यावर धावत सुटतात आणि पडतात. निरोप असा हवा: ‘बी विंग, १०३, दोन माणसं, एक व्हीलचेअर, घोट्यापर्यंत पाणी, पहाटे ४.४०.’ वेळ लिहिली नाही तर तोच निरोप तासाभराने पुन्हा फिरतो आणि लोक रिकाम्या घरात शोधत बसतात.

आधी माणसं, मग औषधं, मग कागदपत्रं, मग सिलेंडर, आणि त्यानंतर सामान. सिलेंडरचा रेग्युलेटर बंद करून काढायचा आणि सिलेंडर वर न्यायचा, पाण्यात तो तरंगतो आणि आदळतो. पाइप गॅस असेल तर घराचा व्हॉल्व्ह बंद. ओव्हरहेड टाकी भरून घ्या आणि पंप बंद करा, कारण जमिनीखालच्या टाकीत गढूळ पाणी शिरल्यावर पंप चालू राहिला तर तेच पाणी सगळ्या नळांना जातं. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद ठेवायची. गाड्या उंचावर हलवताना रस्त्याच्या एकाच बाजूला लावा, नाहीतर रुग्णवाहिका आणि बोटीचा ट्रेलर आत येऊच शकत नाही. पाणी उतारावर दिसायला लागलं की गाडीसाठी बेसमेंटमध्ये कुणीही उतरायचं नाही, मग गाडी कितीही महागाची असो.

तळमजल्याच्या संडासाकडे कुणाचं लक्ष जात नाही. बाहेर चेंबर भरला की मैला उलटा कमोडमधून घरात येतो, कधीकधी दारातून पाणी शिरायच्याही आधी. जाड प्लास्टिकच्या पिशवीत सात-आठ किलो वाळू भरायची, ती जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून कमोडच्या तोंडात घट्ट दाबायची. बाथरूमच्या जाळीवर तसंच छोटं पोतं ठेवायचं. मोरीतून पाणी बुडबुडायला लागलं की समजा, फार वेळ उरलेला नाही.

६. वीज

पुरात पुण्यात माणसं बुडून जातात तशीच विजेनेही जातात. २५ जुलै २०२४ च्या त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तिघांचा मृत्यू झाला. पाणी कंपाउंडमध्ये यायच्या आधी मीटररूममधला मेन बंद करायचा, कोरड्या हातांनी, रबरी चपला घालून. हे काम कुणाचं, आणि तो गावाला गेला असेल तर कुणाचं, हे यादीवर लिहिलेलं असावं. मीटररूममध्ये पाणी पोचलं असेल तर आत पाऊल टाकू नका. महावितरणच्या १९१२ वर कळवून डीपीवरून (रस्त्यावरच्या वीज वितरणाच्या पेटीवरून) पुरवठा बंद करायला सांगा.

मेन बंद केल्यावरही इन्व्हर्टर असलेल्या घरातली वायरिंग जिवंत राहते. खालच्या घरांचे इन्व्हर्टर आधी स्वतंत्र बंद करायचे. पाण्यात उभा असलेला विजेचा खांब, होर्डिंगची चौकट, पत्र्याची टपरी यांना हात लावायचा नाही. कुणी चिकटलेलं दिसलं तर धावत जाऊन ओढू नका, आधी पुरवठा तोडा.

७. माणसांना वर नेताना

चालता न येणाऱ्या आजींना पाठुंगळीवर घेऊन जिना चढण्यात दोघेही पडण्याची भीती असते. पाठ असलेली दणकट लाकडी किंवा लोखंडी खुर्ची घ्या, हलकी प्लास्टिकची नको, तिचे पाय वजनाने फाकतात. आजींना बसवून ओढणीने किंवा धोतराने कमरेशी बांधायचं. खुर्ची पाठीकडून वर चढवायची, म्हणजे आजींचं तोंड जिन्याच्या खालच्या बाजूला राहतं. एकजण वर उभा राहून पाठ धरतो, दुसरा खालून पुढचे पाय धरतो. वजन खालच्याकडे जास्त येतं, म्हणून तिथे धडधाकट माणूस हवा, आणि तिसरा त्याच्या पाठीला हात देऊन मागे. प्रत्येक मजल्यावर थांबा, आणि आधी आजींना सांगून मगच उचला: ‘आजी, आता तीन म्हटलं की उचलतोय हं.’ घाबरलेलं माणूस कठडा पकडतं आणि सगळा तोल जातो.

बाहेर पाण्यातून जायची वेळ आलीच तर वाहतं पाणी गुडघ्याच्या खाली असेल तरच, बांबूने पुढची जमीन चाचपत, पाय घासत चालायचं. पाण्याच्या दाबाने चेंबरची झाकणं उचलली जातात आणि वरून काही दिसत नाही. उघडं चेंबर सापडलं की त्यात लाल कापड बांधलेला बांबू रोवा. यापलीकडचं काम बोटीचं. अग्निशमन दल १०१, आपत्कालीन ११२, रुग्णवाहिका १०८. फोनवर पत्ता सांगताना सोसायटीच्या नावाआधी जवळची ठळक खूण आणि कुठल्या बाजूने आत येता येईल ते सांगा.

८. चहा आणि खिचडी

रात्रभर भिजलेल्यांना पहाटे पहिलं काही हवं असेल तर चहा. १०० कप चहाला ५ लिटर दूध, तेवढंच पाणी, किलोभर साखर, पाव किलो पावडर आणि बोटभर आल्याचे चार-पाच तुकडे. मधुमेहींसाठी बिनसाखरेचा वेगळा थर्मास.

जेवणाला मूगडाळीची खिचडीच सोपी. ५० माणसांना ४ किलो तांदूळ आणि २ किलो डाळ लागते. एकाच मोठ्या पातेल्याचा अट्टहास घरगुती शेगडीवर फसतो, तळाला लागते आणि वर कच्ची राहते. त्यापेक्षा वरच्या मजल्यांवरच्या बारा घरांनी एकेक पाच लिटरचा कुकर लावायचा: तांदूळ-डाळ मिळून अर्धा किलो, पाणी दोन लिटर, हळद, मीठ, जिऱ्याची फोडणी. तिखट नको, लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतात. खिचडी गरम असतानाच वाढा, चार तासांपुढची ठेवू नका. पिण्याचं पाणी उकळूनच. वाढताना खालच्या घरातल्यांच्या हाती रांगेत ताट देण्यापेक्षा त्यांना जोडीच्या घरात पंगतीला बसवा. घर पाण्यात गेलेल्या माणसाला त्या घटकेला कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसायला मिळणं फार मोलाचं असतं.

९. पाणी उतरल्यावर

खरी माणसं इथे लागतात, आणि नेमकी इथेच ती पांगतात. पाणी ओसरलं की वरची घरं ऑफिसला जातात आणि खालच्यांच्या वाट्याला घोट्याएवढा गाळ उरतो. नंतरच्या दोन दिवसांचं काम आधीच वाटून घ्या.

झाडू मारायच्या आधी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे आणि खराब वस्तूंचे फोटो काढा. पंचनामा आणि विमा दोन्हीला ते लागतात. पंचनाम्याच्या वेळी भाडेकरूने भाडेकरार आणि आधार हाताशी ठेवावं, नुकसान त्याच्या सामानाचं झालेलं असतं. मग गाळ ओला असतानाच फावड्याने काढायचा. तो सुकला की सिमेंटसारखा बसतो आणि दुप्पट पाणी खातो. आधी बाहेरची गटारं मोकळी करा, नाहीतर घरातून लोटलेलं सगळं परत आत येतं. हातात मोजे, पायात गमबूट. जखम असलेल्याने गाळात उतरू नये. अंगावर जखम झाली किंवा नंतर ताप आला तर पुराच्या पाण्यात काम केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा, लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) विचार त्यांना लगेच करता येतो.

फरशी धुऊन झाल्यावर १० लिटरच्या बादलीत दोन-तीन मोठे चमचे ब्लीचिंग पावडर घालून पुसायचं, दारं-खिडक्या उघड्या ठेवून. संडासाच्या ॲसिडबरोबर ती कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. जमिनीखालची टाकी पूर्ण उपसून, घासून, मगच भरायची. भरल्यावर १००० लिटरला ५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर आणि निदान अर्धा तास थांबायचं. कापसाच्या गाद्या वाचत नाहीत, त्यांचा मोह सोडा. लाकडी सामान कडक उन्हात ठेवलं तर वाकतं, सावलीत वाऱ्यावर वाळवा. फ्रिज, वॉशिंग मशिन वायरमनने तपासल्याशिवाय लावू नका, नुसतं वरून कोरडं दिसणं पुरेसं नाही.

१०. आपल्या घरी काम करणाऱ्यांची घरं

सोसायटी कोरडी राहिली तरी मावशी दोन दिवस आल्या नाहीत, असं होतं. त्यांचं घर बहुधा दांडेकर पुलाला, पाटील इस्टेटला किंवा ताडीवाला रस्त्याला असतं आणि त्या मुलांसह महापालिकेच्या शाळेत मुक्कामाला असतात. फोन करा आणि काय हवंय ते विचारा. जुन्या साड्यांचे ढीग अशा शाळांमध्ये पडून राहतात, निवडायला माणसं लागतात ती वेगळीच. लागतं ते नवीन अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, टॉवेल, चटया, डासांची अगरबत्ती, बाळाचं दूध, रोजच्या गोळ्या आणि मोबाइल चार्ज करायची सोय. मुलांची इयत्ता आणि माध्यम विचारून वह्या-पुस्तकांचा संच द्या, जुलैत शाळा नुकती सुरू झालेली असते. त्या दिवसांचा पगार कापायचा नाही, हे सोसायटीने ग्रुपवर उघड लिहावं, म्हणजे एकेकीला तोंड उघडून विचारावं लागत नाही. मदत देताना फोटो काढू नयेत.

यादी दर ११ महिन्यांनी, भाडेकरार बदलतात तेव्हा, पुन्हा लिहायची. नवं कुटुंब सामान उतरवत असतानाच सेक्रेटरींनी त्यांचे नंबर घ्यावेत आणि जोडीच्या घरातल्या काकूंशी त्याच संध्याकाळी ओळख करून द्यावी.